सीमापार हायड्रोजन वाहिनीचे नियोजन

एका देशात तयार होणारा हायड्रोजन नळांतून शेजारच्या देशातील ग्राहकापर्यंत नेण्यासाठी मार्ग, दाब, शुद्धता, दर आणि सुरक्षेचे नियम दोन्ही देशांनी मिळून ठरवण्याचे काम. जर्मनीच्या ऱ्हूर भागात १९३८ पासून हायड्रोजन वाहिनी चालू आहे. फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स यांच्यातील औद्योगिक जाळेही जुनेच.

एक किलो हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते. पण तो इतका हलका, की त्याच दाबाला त्याच नळात ऊर्जा जेमतेम एक तृतीयांश भरते. ही तूट वेग वाढवून काढायची, तर कंप्रेसर मोठे लागतात. शिवाय त्याचे अणू पोलादात शिरून ते ठिसूळ करतात. दाब सारखा कमी-जास्त झाला तर जुन्या चिरा आणि वेल्डिंगचे जोड आधी दगा देतात. म्हणून जुनी गॅसवाहिनी हायड्रोजनसाठी वापरण्याआधी ती कसून तपासावी लागते.

एवढे करूनही योजना बहुधा अडते ती गिऱ्हाइकापाशी. नॉर्वे–जर्मनी वाहिनीची आखणी नॉर्वेच्या इक्विनॉर या ऊर्जा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सोडून दिली, कारण खर्च अवाढव्य होता आणि दीर्घकाळ खरेदीची हमी देणारे कोणी पुढे आले नाही. डेन्मार्क–जर्मनी वाहिनीची मुदत २०२४ मध्ये २०२८ वरून २०३१ वर ढकलली गेली. त्याच सुमारास जर्मनीने स्वतःच्या हद्दीतले ९,०४० किमीचे जाळे मात्र मंजूर केले. त्यात सुमारे ६० टक्के जुन्याच गॅसवाहिन्या वापरायच्या आहेत, आणि ग्राहक कमी असतानाच्या वर्षांची तूट पुढील काळात भरून काढण्याची सोय सरकारी पाठबळाने केलेली आहे. दोन देशांच्या करारात ही तूट कोणी सोसायची, हे पहिल्याच पानावर यायला हवे.

आपल्या शेजारात दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. मोतिहारी–अमलेखगंज ही भारत–नेपाळ इंधनवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली: अंतर सुमारे ६९ किमी, देणारी कंपनी एक, घेणारे महामंडळ एक. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत यांची गॅसवाहिनी २०१० च्या करारानंतरही भारतापर्यंत आलेली नाही.

कोकण किनाऱ्याशी या विषयाचा संबंध भारत–मध्यपूर्व–युरोप या रेल्वे व जहाजांच्या प्रस्तावित व्यापारी मार्गिकेमुळे आला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जाहीर झालेल्या सामंजस्य करारात रेल्वेमार्गालगत स्वच्छ हायड्रोजनसाठी नळ टाकण्याचा उल्लेख आहे. पण ही रेल्वे अरबी समुद्रापलीकडची. भारत ते आखात हा टप्पा जहाजांचा आहे. त्यामुळे पालघर जिल्ह्यातले नियोजित वाढवण बंदर या मार्गिकेचे प्रवेशद्वार म्हणून सांगितले जाते, आणि इथून हायड्रोजन परदेशी जायचा झाला तर तो अमोनियाच्या (हायड्रोजन व नायट्रोजनच्या संयुगाच्या) रूपाने जहाजातून जाणे अधिक संभवते. किनाऱ्यावर गिऱ्हाईकही आहे: अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनतोच.

जमिनीच्या प्रश्नाचा धडा कोकणाला दाभोळ–बंगळूरु गॅसवाहिनीने दिला आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली ही वाहिनी गुहागर तालुक्यातून निघते, सह्याद्री चढते आणि कर्नाटकात उतरते. खनिज तेल व गॅसवाहिन्यांसाठी १९६२ च्या कायद्याने सरकार जमीन विकत घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेते. सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. उभ्या पिकाचे, झाडांचे नुकसान वेगळे भरून मिळते. भात काढणाऱ्याला पुढल्या हंगामात पुन्हा पेरता येते. हापूसच्या किंवा काजूच्या बागेत तो पट्टा कायमचा मोकळा राहतो, आणि कलमाला भरघोस धरायला वर्षे लागतात. घाटमाथ्यावरच्या मोकळ्या शेतासाठी योग्य असलेला हा नियम कोकणच्या बागायतदारावर अन्याय करतो. त्यात इथल्या एकेका सातबाऱ्यावर कित्येक हिस्सेदार, त्यातले अनेक मुंबईत. नोटीस गावातल्या घरी पोचते आणि हरकतीसाठी मुदत अवघी २१ दिवसांची. वाहिनी हायड्रोजनची असो वा गॅसची, मार्ग नकाशावर पक्का होण्याआधी या हिस्सेदारांना गाठणे हे नियोजनाचेच काम आहे, आणि त्यासाठी गणपतीत किंवा शिमग्याला गावात सभा घेणे सर्वांत सोयीचे पडते.