चावी हातात आली, पण उताऱ्यावर नाव कुणाचं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचे मालक गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप काखेत घेऊन माझ्या कॉम्प्युटर-डीटीपीच्या दुकानात आले. दुपारपर्यंत पुण्याच्या पार्टीला कोटेशन पाठवायचं होतं. एक्सेलची फाइल उघडत होती, पण एक आकडा बदलता येत नव्हता. वर पट्टी आली होती: ह्या उत्पादनाचा परवाना नाही.

"पैसे भरलोय की मी ह्याचे," ते म्हणाले. "चार महिने बरोबर चालू होतं. खरं आज सकाळपासून हात लावू देईना."

मोबाइलमधली ऑर्डर त्यांनी दाखवली. ऑनलाइन बाजारातला कुणीतरी विक्रेता, किंमत काही शेकड्यांत, आणि मोठ्या अक्षरात 'आजीवन'. ऑर्डरनंतर त्याने एक आयडी आणि पासवर्ड पाठवला होता. आयडीच्या शेवटी कुठल्याशा अनोळखी संस्थेचं नाव. त्या संस्थेने ते खातं बंद केलं होतं. कोटेशन मी लिबरऑफिस ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून तासाभरात काढून दिलं. पण ह्या काकांनी पार्टीकडून आलेली काही ड्रॉइंग त्याच खात्याच्या क्लाउडमध्ये ठेवली होती. ती खात्याबरोबर गेली.

काका खोटं बोलत नव्हते. पैसे त्यांनी खरोखर भरले होते. त्यांची गल्लत झाली ती एका ठिकाणी, आणि माझ्या दुकानात येणाऱ्या दहांतल्या आठांची तिथेच होते: सॉफ्टवेअरची 'की' (ते चालू करायचा नंबर) आणि सॉफ्टवेअरचा परवाना ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

जमिनीच्या व्यवहारात आपल्याला हा फरक सांगावा लागत नाही. घराची चावी कुणीही हातात ठेवू शकतो. मालक ठेवील, भाडेकरू ठेवील, राखणदार ठेवील, नाहीतर गुपचूप डुप्लिकेट काढून घेतलेला माणूस ठेवील. कुलूप चावी बघतं, माणूस बघत नाही. उताऱ्यावर नाव चढवायचं तर मात्र देणाऱ्याला ते घर विकायचा हक्क आहे का, हे आपण चार ठिकाणी विचारतो. बेळगावातला कुणीही शहाणा माणूस नुसत्या चावीवर घराचे पैसे मोजणार नाही.

सॉफ्टवेअरची की म्हणजे ही चावी. विंडोजची की पंचवीस अक्षर-अंकांची असते, पाच-पाचच्या पाच गटांत. वर सांगितलेला आयडी-पासवर्ड हीसुद्धा चावीच. परवाना म्हणजे कंपनीने तुम्हाला दिलेली परवानगी: किती कॉम्प्युटरवर वापरायचं, घरासाठी की धंद्यासाठी, किती दिवस, दुसऱ्याला देता येतं की नाही. स्क्रीनवर 'ॲक्टिव्हेटेड' आलं म्हणजे कुलूप उघडलं, एवढंच. आत राहायचा हक्क तुमचा आहे का, हे त्या शब्दावरून कळत नाही.

मग चालणाऱ्या चाव्या इतक्या स्वस्तात येतात कुठून? त्यांचे तीन-चार झरे आहेत आणि प्रत्येकाचा धोका वेगळा.

पहिला जुन्या मशीनचा. लॅपटॉपबरोबर येणारं विंडोज कंपनी लॅपटॉप बनवणाऱ्याला वेगळ्या दराने देते आणि ते त्या मशीनला बांधलेलं असतं. पूर्वी अशा की मशीनवरच्या स्टिकरवर छापून यायच्या. मशीन भंगारात गेली तरी स्टिकरवरचे आकडे राहतात, आणि तेच विकले जातात. जुनी मशीन तुम्ही विकत घेतलीत तर तिचा परवाना मशीनबरोबर तुमच्याकडे येतो, त्यात काही गैर नाही. मशीन एकीकडे आणि तिची की दुसरीकडे, हे मात्र परवान्यात बसत नाही.

दुसरा झरा मोठ्या संस्थांचा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक मी इथे बघितली आहे. कॉलेजं, कारखाने, कार्यालयं ह्यांना कंपनी एकच की देते आणि तिच्यावर ठरावीक मशीन चालू करता येतात. तिला 'मॅक' (MAK) म्हणतात. ती की संस्थेतून बाहेर गळते. विकणारा तीच एक की पन्नास जणांना विकतो आणि पन्नासही जणांचं कुलूप उघडतं. पुढे आकडा भरतो, नाहीतर कंपनीच्या लक्षात येतं आणि की बंद होते. तोवर वस्तू परत करायची मुदत कधीच सरलेली असते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा तीन की विकत घेऊन गिऱ्हाइकांच्या मशीनवर टाकल्या होत्या. चालू झाल्या म्हणजे खऱ्या, असं मलाही वाटलं होतं. वर्षाच्या आत तिघांच्याही स्क्रीनच्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' असं उमटलं. तिघांचे पैसे मी पदरचे परत केले. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

ह्याच घराण्यातला आणखी एक प्रकार 'केएमएस'. इथे मशीन संस्थेच्या सर्व्हरकडे हजेरी लावते आणि ती हजेरी १८० दिवस पुरते. त्याआधी पुन्हा लागली नाही की ॲक्टिव्हेशन उतरतं. ह्या पद्धतीत मशीनवर टाकायच्या की मायक्रोसॉफ्टने स्वतः उघड्यावर छापलेल्या आहेत, कारण सर्व्हरशिवाय त्यांचा काही उपयोग नाही. त्याच फुकटच्या की पैसे घेऊन विकणारे आहेत. मग विक्रेता सांगतो, "अँटिव्हायरस बंद करा आणि ही फाइल चालवा," किंवा "मला स्क्रीनचा ताबा द्या, मी करून देतो." इथे तरी हात मागे घ्या. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचं खातं उघडता, जीएसटीचा रिटर्न भरता, तिथे एका अनोळखी माणसाची फाइल पहारेकऱ्याला बाहेर काढून चालवायची म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला समजावताना माझा आवाज चढतो.

तिसरा झरा काकांना लागला तो: संस्थेचं किंवा शिक्षणासाठीचं खातं. ह्यात की मरते एवढ्यावर भागत नाही. त्या खात्याचा ॲडमिन दुसराच कुणीतरी असतो. तो पासवर्ड बदलू शकतो, खातं पुसू शकतो, आत ठेवलेल्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. तुमचे ताळेबंद, गिऱ्हाइकांचे नंबर, मुलांची सर्टिफिकेटं दुसऱ्याच्या कपाटात ठेवल्यासारखं आहे हे.

'आजीवन' हा शब्द दिसला तर आधी एक गोष्ट तपासा: ती कंपनी आजीवन परवाना विकते तरी का? ऑटोडेस्कने ऑटोकॅडचे नवे कायमचे परवाने विकणं २०१६ सालीच थांबवलं. अडोबने २०१३ पासून नव्या फोटोशॉपसाठी वर्गणीचा रस्ता धरला. त्यामुळे खानापूर रोडवरच्या फोटो स्टुडिओला कुणी 'फोटोशॉपची ताजी आवृत्ती, आजीवन' देत असेल किंवा उद्यमबागेत कुणी 'आजीवन ऑटोकॅड' विकत असेल, तर जी वस्तू कंपनीच्या दुकानात नाही ती तो देऊ करतोय. ऑटोडेस्कची शिक्षणासाठीची खाती असतात, ती वर्षाची असतात आणि पात्र असेल त्याला पुढे वाढवून मिळतात. पण त्यांवर गिऱ्हाइकाच्या कामाची ड्रॉइंग काढायला परवानगी नाही. ऑफिसचं चित्र वेगळं आहे. ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून घेता येतं, म्हणून तिथे 'एकदाच पैसे' हा शब्द खोटा असेलच असं नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मात्र वर्गणीचंच.

काही विक्रेते युरोपातल्या कोर्टाचा दाखला देतात. तो निकाल खरा आहे. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल ह्या खटल्यात, कायमचा परवाना घेतलेल्या सॉफ्टवेअरची वापरलेली प्रत काही अटींवर पुन्हा विकता येते, असं म्हटलं. पण तो युरोपीय संघाचा कायदा. बेळगावातल्या गिऱ्हाइकाच्या तो कामाचा नाही, आणि तिथेसुद्धा एकच की पन्नास जणांना विकायला त्याने मुभा दिलेली नाही.

आपल्याकडचं कलम धंदेवाल्यांनी तरी माहीत करून घ्यावं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. कलमात 'ठाऊक असून' हे शब्द आहेत, त्यामुळे फसलेल्या माणसाची आणि जाणूनबुजून करणाऱ्याची गोष्ट एक नाही. पण फसलो हे कळल्यावरही तीच प्रत चालू ठेवली तर 'ठाऊक नव्हतं' ही आड राहत नाही.

तुमच्या मशीनवर काय आहे ते बघायचं असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं, मग मोकळी जागा, तिरपी रेघ (/) आणि डी-एल-आय लिहून एंटर करा. थोड्या वेळाने एक चौकट येते. तीत 'रिटेल चॅनल' असेल तर ती दुकानात सुटी विकायची की आहे. 'ओईएम' (मशीनला बांधलेली की) असेल आणि विंडोज लॅपटॉपबरोबर आलेलं असेल तर काळजी नाही. 'व्हॉल्यूम' (संस्थांना दिलेली की) असेल आणि तुम्ही ते घरच्या मशीनसाठी बाजारातून घेतलेलं असेल, तर दुसऱ्याच्या घराची चावी तुमच्या खिशात आहे. ऑफिसचं त्याहून सोपं: तुमच्या स्वतःच्या ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा आणि विकत घेतलेल्या वस्तूंत ते दिसतं का बघा. तिथे दिसलं म्हणजे उताऱ्यावर नाव चढल्यासारखं.

बिल मागाच. आपण सीमेवरची माणसं, खरेदी कधी बेळगावात, कधी कोल्हापुरात, कधी पणजीत. जीएसटी नंबर पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. विक्रेता कोल्हापूरचा पत्ता सांगतो आणि नंबर भलत्याच आकड्याने सुरू होतो, तर तिथे थांबून विचारा. हा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. बिल खरं असलं म्हणजे परवाना खरा, असं नाही. पण बिलच देत नाही त्याच्याकडून परवान्याची अपेक्षा कशाला? सूट मिळते म्हणून वस्तू खोटी, असंही मी म्हणणार नाही. अँटिव्हायरसचे खोके छापील किमतीपेक्षा बरेच कमी दराने रीतसर विकले जातात. हजारांची वस्तू शेकड्यांत आणि खोकं नाही, बिल नाही, नुसता चॅटवर आलेला नंबर, हे मात्र सूट ह्या शब्दात बसत नाही.

बरेच जण तर जे त्यांच्याकडे आहेच ते पुन्हा विकत घेतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यानंतर '११ ची की' शोधत माणसं माझ्याकडे येऊ लागली. लॅपटॉपमध्ये रीतसर विंडोज १० असेल आणि मशीन ११ च्या अटींत बसत असेल, म्हणजे मुख्यतः टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ११ ला चालणारा प्रोसेसर असेल, तर ११ फुकट मिळतं. नव्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. फॉरमॅट मारलं तरी तीच आवृत्ती टाकल्यावर विंडोज ती आपणहून उचलतं.

ज्याला पत्रं, अर्ज, हिशोब एवढंच करायचं आहे त्याने लिबरऑफिस घ्यावं. ते फुकट आहे, रीतसर आहे आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांच्या मेन्यूंसह मिळतं. आमच्या डीटीपीत एकाच दिवशी कन्नडमधला सरकारी अर्ज आणि मराठी लग्नपत्रिका असं काम येतं. विंडोजमध्ये दोन्ही भाषांचे युनिकोड कीबोर्ड आधीच असतात आणि कन्नडसाठी नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. फोटोशॉपची सर जिम्प ह्या मोफत सॉफ्टवेअरला येईल असं मात्र मी स्टुडिओवाल्याला सांगणार नाही. जिम्प शिकायला वेळ द्यावा लागतो, आणि लगीनसराईत तो कुणाकडे नसतो. त्याने वर्गणीचा खर्च कामाच्या दरात धरलेला बरा.

आधीच घेतलं असेल तर आज सगळ्यात आधी त्या खात्यातल्या फाइली स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. की निघाली तरी फाइली मशीनवर राहतात, खातं गेलं तर जातात. विक्रेत्याची फाइल चालवली असेल तर दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला आणि विंडोज नव्याने टाका. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. विक्रेत्याचं पान, ऑर्डर, चॅट ह्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता पुरवणं ही त्या बाजाराची जबाबदारी आहे, तो मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुमची तक्रार बेळगावात घेतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

काकांना हे सगळं सांगून आम्ही त्यांच्या मोबाइलवर ऑर्डरचं पान पुन्हा उघडलं आणि विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवलं. विक्रेत्याचं पान रिकामं होतं. ड्रॉइंग त्यांनी पार्टीला फोन करून पुन्हा मागवली. तीनांतली दोन आली.