साथीचे क्रूस

साथीच्या काळात चर्चमधील सार्वजनिक उपासना बंद पडली, किंवा गर्दीच्या धास्तीने लोकच तिकडे फिरकेनासे झाले, की घराजवळ प्रार्थना करता यावी म्हणून गल्लीच्या तोंडाशी, चौकात किंवा गावठाणाच्या कडेला उभारलेले क्रूस. मिलान (इटली) येथील १५७६–७७ च्या आणि मुंबईतील १८९६ नंतरच्या प्लेगशी जोडलेले क्रूस विशेष परिचित आहेत.

मिलानमध्ये १५७६ च्या उन्हाळ्यात प्लेग शिरला. आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ (१५३८–८४) यांनी ऑक्टोबरात अनवाणी मिरवणुका काढल्या; नगराच्या आरोग्याधिकाऱ्यांना ही गर्दी पसंत नव्हती. महिनाअखेरीस सर्वांवर घरबंदी लागू झाली, तेव्हा बोर्रोमेओ यांनी चौकाचौकांत वेदी मांडून तेथे मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना) अर्पण करण्याची व्यवस्था केली. लोक खिडकीत उभे राहून मिस्सा पाहत. चोवीस तासांत सात वेळा घंटा होई आणि ठरलेल्या प्रार्थना समोरासमोरच्या खिडक्यांतून आळीपाळीने म्हटल्या जात. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू दारोदार जात. हा तपशील मुख्यतः बोर्रोमेओ यांच्या चरित्रकारांकडून आलेला आहे आणि बोर्रोमेओ यांना १६१० साली संतपद मिळाले, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पुढे या वेदींच्या जागी क्रूस असलेले स्तंभ आले. त्यांची निगा राखायला वस्तीवस्तीत बंधुसंघ (भाविकांचे संघ) स्थापन झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, ऑस्ट्रियन अमलात, यांतील बहुतेक स्तंभ काढून टाकण्यात आले.

मुंबईतील क्रूसांचे मूळ वादग्रस्त आहे. मांडवी भागात गाठीचा प्लेग आल्याचे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये केले. गिरगाव, माझगाव, बांद्रे या भागांतल्या आणि साष्टीतल्या गावठाणांमधील अनेक क्रूसांच्या जोत्यावर त्यापुढच्या दहाएक वर्षांतले साल कोरलेले दिसते. त्यामुळे असे सगळेच क्रूस ‘प्लेगचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एका मतानुसार चर्चला जाणे धोक्याचे झाल्यामुळे ते उभारले गेले, म्हणजे मिलानच्याच प्रथेचा हा उशिराचा अवतार. दुसऱ्या मतानुसार पोर्तुगीज काळापासून वाटेवर, वेशीवर आणि घराच्या अंगणात क्रूस उभारण्याची रीत वसई, साष्टी व गोव्यात रुळलेलीच होती. प्लेगने तिला निमित्त दिले, इतकेच. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारातील, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेला दगडी क्रूस प्लेगच्या बराच आधीचा, बहुधा सतराव्या शतकातला आहे. शिवाय कोरलेले साल उभारणीचेच असते असे नाही. जुना लाकडी क्रूस काढून दगडी बसवला, जोते नव्याने बांधले किंवा नवस फेडला, तरी साल घालत. केवळ सालावरून क्रूस प्लेगचा ठरवणे म्हणूनच धाडसाचे आहे. क्रूसावरील कोरीव लेखात साथीचा किंवा नवसाचा उल्लेख असेल, तरच तसे म्हणावे. घडणीवरून मात्र थोडा अंदाज बांधता येतो. शिडी, हातोडा, पकड, कोंबडा, तळाशी कवटी अशी कोरीव चिन्हे सहसा जुन्या क्रूसांवर आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे बरेच क्रूस साधे, पायऱ्यांच्या किंवा चौकोनी जोत्यावरचे आणि मेणबत्तीसाठी कोनाडा ठेवलेले असतात.

त्या काळी मुंबईतील चर्चेस सरसकट बंद होती, असे अनेकदा लिहिले जाते. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले हे खरे. पण माणसे चर्चपासून दुरावण्यास घरझडत्या, विलगीकरण छावण्या आणि शहर सोडून गेलेली कुटुंबे ही कारणेही पुरेशी होती.

क्रूसापुढील उपासनेला धर्मगुरू लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. पाखाडीतले (वस्तीतले) कोणी जाणते माणूस पुढे होते, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली जाते, मग लितानी, म्हणजे एकाने विनवणी म्हणायची आणि इतरांनी प्रतिसाद द्यायचा अशी प्रार्थना. संतांच्या लितानीत ‘रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांपासून आम्हांला सोडव’ अशी मूळ लॅटिनमधली जुनी विनवणी आहे. शेवटी उकडलेले चणे वाटतात. ईस्ट इंडियन (मुंबई-वसई परिसरातील स्थानिक कॅथलिक) समाजात मे महिन्यातील क्रूसाच्या सणाला हे आजही चालते. गोव्यात याच धर्तीवर लादाईन्य (लितानीची सामूहिक प्रार्थना) होते.

कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी तोच १८९७ चा कायदा लागू केला. या खेपेस चर्चबरोबर क्रूसापुढील जमावही बंद झाला. मिस्सा मोबाइलवर व यूट्यूबवर दाखवली जाऊ लागली आणि घरी बसलेल्यांसाठी आत्मिक ख्रिस्तप्रसादाची (प्रत्यक्ष प्रसाद न घेता तो मनोमन स्वीकारण्याची) प्रार्थना सांगण्यात आली. ही संकल्पना नवी नव्हती. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्येच तिला मान्यता दिली होती. २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात प्रार्थना केली, तेव्हा तेथे रोमच्या सान मार्चेलो चर्चमधील लाकडी क्रूस आणला होता. १५२२ च्या प्लेगमध्ये तो रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेला होता. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत खुली झाली.