विहिरीचं पाणी दोन मीटर वर आलं, त्यात बंधाऱ्याचं किती?

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे नाल्यावर सिमेंट बंधारा झाला की पावसाळ्यानंतर बातमी ठरलेली: ‘विहिरींची पातळी दोन मीटरनं वाढली.’ मोजमाप खरं असेल, पण त्यात पावसाचा वाटा किती हे कळत नाही. असं काम बहुधा दुष्काळी वर्षानंतर मंजूर होतं. पुढं पाऊस नुसता नेहमीएवढा झाला तरी पाणी वर येतंच.

म्हणून बंधारा नसलेलं गावही मोजायचं. समजा, बंधाऱ्याच्या गावात ऑक्टोबरातलं पाणी ६ मीटर खोलीवरून ४ वर आलं, दुसऱ्या गावात ६.५ वरून ५ वर. २ मीटरमधून १.५ गेले, बंधाऱ्याच्या वाट्याला उरला अर्धा मीटर. पण आधीची तीन-चार वर्षं दोन्हीकडचं पाणी सारखंच चढत-उतरत असेल, तरच ही वजाबाकी खरी. काटोलच्या काळ्या पाषाणाला रामटेककडचं गाव लावून चालत नाही, तिथला खडकच वेगळा. त्याच नाल्यावरचं खालचं गावही नको: वर पाणी अडल्यानं तिथली पातळी घटली, तर फायदा फुगून दिसतो.

हातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचं नाव होतं ते तुलना न करण्याच्या याच चुकीमुळं. लागलेली बोअर सगळे सांगतात, कोरडी कुणी मोजत नाही.

आता अर्धा मीटर म्हणजे पाणी किती? काळा पाषाण निथळला की त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच पाणी देतो. २ टक्के धरले तर अर्ध्या मीटरमागे १० मिलिमीटर. १०० हेक्टरांत १०,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी लिटर. एका ओलिताला ५ सेंटिमीटर पाणी धरलं, तर २० हेक्टर गव्हाचं एक ओलित.

मोजताना कठड्यावर रंगाची कायम खूण हवी आणि कठड्याची उंची वजा करायला हवी. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी टेप सोडावा, नाहीतर उपशानं खचलेली पातळी हाती येते. बंधाऱ्यालगतच्याच विहिरी निवडू नयेत. मधल्या काळात खोल केलेली विहीर यादीतून काढावी.

मे महिन्याचा आकडा सर्वांत फसवा. पाणी वाढलं की संत्र्याचं ओलित वाढतं, उपसा वाढतो आणि मे अखेरीस विहीर पूर्वीइतकीच खोल दिसते. हे अपयश नव्हे, पाणी बागेत गेलेलं असतं. ते पकडायला पातळीसोबत मोटरीचे तास आणि ओलिताखालचं क्षेत्रही दोन्ही गावांत दर हंगामात नोंदवावं लागतं.