टी पेशीग्राही–सीडी३ संकुल

टी पेशीच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीच्या) पटलावरील आठ प्रथिनसाखळ्यांचे संकुल. प्रतिजनाची (प्रतिकारयंत्रणा ओळखते त्या पदार्थाची) ओळख पटवणे आणि ती खबर पेशीच्या आत पोहोचवणे, ही कामे त्यात वेगवेगळ्या साखळ्यांकडे असतात. अल्फा व बीटा साखळ्या समोरच्या पेशीने एमएचसी या दर्शनी रेणूवर मांडलेले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, ओळखतात. पण त्यांचा आतला भाग इतका आखूड असतो, की संदेश देणे त्यांना जमत नाही. ते काम सीडी३ च्या गॅमा–एप्सिलॉन, डेल्टा–एप्सिलॉन आणि झीटा–झीटा या जोड्या करतात. त्यांच्यावर मिळून १० आयटॅम क्रम (संदेश देण्यासाठी लागणारे अमिनो आम्लांचे ठरावीक क्रम) असतात: प्रत्येक झीटावर ३, बाकी चौघींवर एकेक. प्रत्येक आयटॅममध्ये २ टायरोसीन (एक अमिनो आम्ल) असतात.

शांत पेशीत एलसीके हे विकर या टायरोसीनांवर फॉस्फेट चढवते आणि सीडी४५ हे पटलावरील दुसरे विकर ते लगेच उतरवते. दोन पेशींची पटले सुमारे १५ नॅनोमीटरवर आली, की उंच बाह्यभागाचे सीडी४५ त्या फटीत मावत नाही व बाजूला सरते. मग चढवलेले फॉस्फेट टिकते. सुरुवात कशी होते याबद्दल इतरही मते आहेत, परंतु या खुलाशाला प्रयोगांचा भक्कम आधार आहे. गंमत अशी, की एलसीके तयारीत ठेवायलाही सीडी४५ च लागते. त्यामुळे ते पूर्ण काढून टाकलेली पेशी उलट मंदावते.

दोन्ही टायरोसीनांवर फॉस्फेट असेल तरच झॅप-७० हे पुढचे विकर तिथे पक्के बसते. ग्राही व पेप्टाइड यांचा बंध काही सेकंद टिकला नाही, तर संदेशाची साखळी इथेच तुटते. स्वतःच्या शरीरातील पेप्टाइडांकडे टी पेशी दुर्लक्ष करते त्यामागे हे एक मोठे कारण आहे. झॅप-७० पुढे लॅट व एसएलपी-७६ या जोडणाऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते, पेशीत कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्यूरिन या विकरामुळे एनफॅट हे जनुके चालू करणारे प्रथिन केंद्रकात शिरते आणि इंटरल्यूकिन-२ चे (टी पेशींची वाढ करणाऱ्या संदेशक प्रथिनाचे) जनुक चालू होते. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कॅल्सिन्यूरिनच रोखतात.

टी पेशीवरील सीडी२८ या दुसऱ्या ग्राहीकडून दुसरा संदेश आला नाही, तर पेशी निष्प्रतिसाद होऊ शकते. म्हणूनच प्रयोगशाळेत पेशी वाढवताना सीडी३ व सीडी२८ विरोधी प्रतिपिंडे मण्यांवर किंवा तबकडीवर चिकटवून देतात. द्रावणात सुटे सोडलेले सीडी३ विरोधी प्रतिपिंड एकट्या शुद्ध टी पेशींना सहसा पुरत नाही, कारण ग्राही एकत्र बांधून धरणारा पृष्ठभागच नसतो.

अमेरिकेत १९८६ मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळालेले म्युरोमोनॅब हे सीडी३ विरोधी प्रतिपिंड टी पेशी दडपण्यासाठी होते. पण पहिल्या मात्रेत ते आधी त्यांना जागे करी, सायटोकाइने (पेशींची संदेशक प्रथिने) एकदम सुटत आणि रुग्णाला ताप व हुडहुडी भरे. नंतरच्या प्रतिपिंडांत एफसी भाग (प्रतिपिंडाचा, इतर पेशींना चिकटणारा शेपटाकडचा भाग) बदलून हा त्रास कमी करण्यात आला.