दोन दिवस उशिरा जन्मलेला मुलगा

ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. जन्मला कॅलिफोर्नियात, वाढला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, आणि खेळ निवडला बर्फावरचा. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा नियम असा, की 15 सप्टेंबरपर्यंत ज्यांना अठरा पूर्ण होतात त्यांचाच त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, विचार होतो. मॅथ्यूज दोन दिवसांनी हुकला. 2015 च्या जूनमध्ये कॉनर मॅकडेव्हिडला पहिल्या क्रमांकावर उचललं गेलं, तेव्हा याला अजून एक वर्ष थांबायचं होतं. ते वर्ष त्याने बरोबरीच्या पोरांत काढलं नाही. तो स्वित्झर्लंडला गेला आणि झ्युरिकच्या व्यावसायिक संघातून पुऱ्या वाढलेल्या पुरुषांविरुद्ध खेळला. 36 सामन्यांत 24 गोल. 2016 मध्ये पहिला क्रमांक त्याचा होता, आणि 12 ऑक्टोबर 2016 ला एनएचएलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल मारले.

मॅथ्यूजबद्दल शंका कुणालाच नव्हती, त्यामुळे त्या दोन दिवसांनी त्याचं नुकसान झालं नाही. पण ड्राफ्टमधल्या बहुतेक मुलांबद्दल शंका असतेच. 32 संघ, 7 फेऱ्या, दर वर्षी सव्वादोनशेच्या आसपास मुलं. त्यांतली बरीचशी अजून शाळेत असतात आणि काहींच्या ओठांवर मिसरूडही धड फुटलेली नसते. त्यांना पाहून स्काउटला, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या माणसाला, सांगायचं असतं, की हा पंचविशीत कसा खेळेल. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. स्काउटचं अख्खं पोट त्या म्हणीवर चालतं. म्हणूनच ती म्हण कुठे खरी ठरते आणि कुठे फसवते, हे बर्फावर फार स्पष्ट दिसतं.

माझी ताई टोरांटोजवळ राहते. भाचा आईस हॉकी खेळतो, म्हणून मी तिच्याकडे गेलो की पहाटे सहाच्या सरावाला माझीही वर्णी लागते. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काचेमागे उभं राहिलं की पहिली नजरेत भरते ती उंचीतली तफावत. एकाच वयोगटातली मुलं, पण एक दुसऱ्याच्या खांद्यालाही लागत नाही. कॅनडात वयोगटाची रेघ 1 जानेवारीला ओढलेली आहे. जानेवारीतला मुलगा आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरातला मुलगा एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळपास दहावा हिस्सा!

ही गोष्ट कागदावर आली ती कॅनडातल्या लेथब्रिज गावात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली सामना पाहायला गेले होते. त्यांची पत्नी पॉला संघाची माहितीपत्रिका चाळत होती, आणि तिच्या लक्षात आलं की खेळाडूंच्या जन्मतारखांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हापुन्हा येताहेत. बार्न्सलींनी मग इतर संघांच्या याद्या तपासल्या. सगळीकडे तेच. 1985 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. कारण एकदा कळलं की साधं वाटतं. नवव्या-दहाव्या वर्षी थोराड मुलगा ‘चांगला’ दिसतो, वरच्या संघात जातो. तिथे त्याला बर्फावर जास्त वेळ मिळतो, प्रशिक्षक बरा मिळतो, सामने जास्त मिळतात. चार वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो. सुरुवातीला फरक फक्त वयाचा होता, तो निवडीने कौशल्याचा करून टाकला.

याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1980 ते 2006 या काळात ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेल्यांपैकी 36 टक्के जानेवारी ते मार्चमधले होते, पण एनएचएलमध्ये पुढे जे सामने खेळले गेले त्यांत त्यांचा वाटा होता 28 टक्के. जुलै ते डिसेंबरमधले निवडले गेले 34 टक्के, आणि त्यांनी सामने खेळले 42 टक्के, गुण कमावले 44 टक्के. म्हणजे लहान वयातला पक्षपात अठराव्या वर्षीही सरलेला नव्हता. जाणकार, पगारी माणसंसुद्धा वर्षाच्या सुरुवातीच्या मुलांची किंमत जास्त लावत होती आणि शेवटच्यांची कमी. नोव्हेंबरातला मुलगा इतकी चाळणी पार करून अठराव्या वर्षापर्यंत टिकला, तर तो अंगबळावर टिकलेला नसतो. त्याच्या हातात किंवा डोक्यात काहीतरी असतंच.

आणि जन्मतारीख ही तर अर्धीच गोष्ट. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांचं वय दोन-दोन वर्षांनी वेगळं असू शकतं. आपल्याकडे 16 वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढतात, तो वय लपवणारे शोधायला. पण त्याच एक्स-रेतून हेही कळतं की अजून किती वाढ शिल्लक आहे. माझ्या मते मुलाची पारख करताना हा प्रश्न गोलांच्या आकड्याआधी विचारायला हवा.

आता प्रत्यक्ष खेळ. सगळ्यात आधी पाहतात ते स्केटिंग. बुटाखालच्या पात्याचा तळ मधोमध किंचित पोकळ घासलेला असतो, त्यामुळे एका पात्याला दोन धारा होतात, आतली आणि बाहेरची. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा सैल रेणूंचा अतिशय पातळ थर असतो. म्हणून पातं पुढच्या दिशेने जवळजवळ विनाघर्षण सरकतं, पण आडवं टेकवलं की धार बर्फात रुतते. वेग येतो तो याच आडव्या रेट्यातून. गुडघे खोल वाकवून पाय जितका बाजूला ताणाल तितका रेटा लांब. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एका धारेवरून दुसरीवर अलगद वजन नेण्याची समज लहानपणीच अंगात मुरते, उशिरा शिकणाऱ्याला ती जड जाते. मांड्यांतली ताकद मात्र विशीपर्यंत येत राहते. सतरा वर्षांचा मुलगा संथ असेल तर तो यांतल्या कशामुळे संथ आहे, हे ओळखता आलं पाहिजे. स्टॉपवॉच दोघांना एकच वेळ दाखवतं.

ड्राफ्टच्या आधी शंभरेक मुलांना एकत्र बोलावून शारीरिक चाचण्या घेतात. सायकलवर दम काढायचा, जागेवरून लांब उडी मारायची, दांड्याला लटकून स्वतःला वर ओढायचं. 2014 मध्ये सॅम बेनेटला त्या दांड्यावर एकदाही हनुवटी वर नेता आली नाही. त्या वर्षी लीगच्या स्काउटिंग विभागाने उत्तर अमेरिकेतल्या मुलांत त्यालाच पहिलं ठेवलं होतं. बातमी सगळीकडे झाली. कॅल्गरी संघाने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. 2025 मध्ये फ्लोरिडाने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफमधला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांमधला, सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच बेनेट, आणि त्याची ओळख आहे ती धसमुसळ्या, अंगावर जाणाऱ्या खेळाबद्दल.

गुणांचे आकडेही सरळ वाचता येत नाहीत. हॉकीत गोलाला एक गुण आणि पास देणाऱ्याला एक, असे एका गोलामागे दोन पासपर्यंत गुण मिळतात. शेजारी कोण खेळतो आणि प्रतिस्पर्ध्याचा माणूस शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना कुणाला उतरवतात, यावर आकडा फुगतो किंवा आटतो. म्हणून विश्लेषक एका लीगमधून दुसरीत गेलेल्या खेळाडूंचे आधीचे-नंतरचे गुण ताडून प्रत्येक लीगचं वजन ठरवतात. स्वीडनच्या प्रौढ लीगमधले थोडेसे गुण अठरा वर्षांखालच्या स्पर्धेतल्या ढीगभर गुणांहून भारी ठरतात ते यामुळेच.

ज्याला आकडा नाही ते पाहायला रिंकवरच जावं लागतं. एकदा भाच्याच्या सामन्यात पक मागच्या कोपऱ्यात गेला. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, टणक रबरी चकती. दोन मुलं तिच्यामागे धावली. मोठा मुलगा थेट पकवर नजर ठेवून गेला, पोचला आधी, आणि वळताच कुणाच्या तरी छातीवर आदळला. पुढच्या खेपेला भाचा गेला. पकपाशी पोचण्याआधी त्याने एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या. पकला स्टिक लागली तेव्हा पुढे काय करायचं ते त्याचं ठरलेलं होतं. एकाच स्पर्शात पक मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटून मोकळ्या साथीदाराकडे गेला. मोठं काही घडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. पण काचेशी वही घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी काहीतरी टिपलं, ते मी पाहिलं.

या ‘आधी पाहण्या’वर प्रयोगही झाले आहेत. 2006 मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेरेक पंचुक आणि जोन व्हिकर्स यांनी निष्णात गोलरक्षकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. चेंडूफळीतल्या यष्टीरक्षकासारखे ते शेवटच्या क्षणी झेपावतात असं वाटतं. प्रत्यक्षात यशस्वी बचावात त्यांची नजर फटका सुटण्याआधी जवळपास एक सेकंद पक आणि स्टिकवर स्थिरावलेली होती.

पावेल दात्स्युकच्या बाबतीत हेच डोकं कामी आलं. डेट्रॉइट संघाचे युरोपातले स्काउट होकान अँडरसन रशियात गेले होते ते दुसऱ्याच एका खेळाडूला, एका बचावपटूला बघायला. नजर अडकली ती या किरकोळ अंगकाठीच्या पोरावर. आधीच्या वर्षांत तो ड्राफ्टला पात्र असूनही कुणी त्याला घेतलं नव्हतं. 1998 मध्ये तो वीस वर्षांचा होत आला होता, आणि तेव्हाही डेट्रॉइटने आधी इतरांवर क्रमांक खर्च केले. दात्स्युकची पाळी आली 171 वी. पुढे त्याने 953 सामन्यांत 918 गुण मिळवले, सर्वोत्तम बचाव करणाऱ्या आघाडीपटूचा पुरस्कार सलग तीनदा घेतला आणि 2024 मध्ये तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. 1984 मध्येही याच 171 व्या क्रमांकावर लॉस एंजेलिसने लुक रोबिटायला घेतलं होतं. त्याच्याबद्दल तक्रार एकच होती, स्केटिंग संथ. तो 668 गोल करून निवृत्त झाला.

भाचा नोव्हेंबरातला आहे. यंदा त्याला वरच्या संघात घेतलं नाही. कारण विचारल्यावर ‘अजून लहान दिसतो’ एवढंच उत्तर मिळालं, आणि ताईला ते फार लागलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली आणि चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढली. खाली दिवाळीतली रेघ होती. मधलं अंतर तिने टेपने मोजलं. दीड इंच भरलं.