कुत्र्याची हिरडी पांढरी पडली तर गाडी काढा

रात्री साडेदहाच्या सुमारास गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो. ओसरीवर आडवा पडलेला कुत्रा आणि खाली एकच ओळ: ‘दोनदा उलटी झाली, काय द्यावं?’ उत्तरांची रांग लागते. कुणी ताक पाजायला सांगतं, कुणी आपली पित्ताची गोळी, कुणी म्हणतं गवत खाल्लं असेल, सकाळपर्यंत होईल बरा. सांगणाऱ्या सगळ्यांचा जीव त्या कुत्र्यासाठी तुटत असतो. पण त्याची हिरडी कुठल्या रंगाची आहे, हे क्वचितच कुणी विचारतं.

फोनवरच्या सल्ल्याला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या सीमाभागात त्याची खरोखर गरज आहे. बेळगाव शहरात कुत्र्यामांजरांचे खासगी दवाखाने आहेत, पण खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडच्या माणसाला रात्री-अपरात्री तिथवर पोहोचायचं म्हणजे पाऊस, घाटरस्ता आणि गाडीची सोय हे सगळं जमावं लागतं. सरकारी जनावरांच्या दवाखान्याचा सारा भर गाई-म्हशींवर. अशा ठिकाणी एखाद्या जाणत्या पशुवैद्याने व्हिडिओ पाहून दिलेला सल्ला म्हणजे मोठा आधार. मात्र अंतर जास्त असलं की आपण उलटा हिशेब करतो. ‘एवढ्या लांब जायचं तर सकाळपर्यंत बघू’ म्हणतो. खरं तर दवाखाना जितका लांब, तितकं लवकर निघायला हवं, कारण वाटेतला वेळही आजाराच्याच खात्यात जमा होतो.

म्हणून मला वाटतं, पहिला प्रश्न ‘किती त्रास दिसतोय’ हा नसावा. शरीरात जे काही चाललं आहे ते मिनिटांत बिघडतं, तासांत की दिवसांत, हा असावा. दिसणारा त्रास आणि बिघडण्याचा वेग यांचा मेळ बसतोच असं नाही. खाज सुटलेला कुत्रा रात्रभर घर डोक्यावर घेतो, पण त्याला पुढच्या आठवड्यात दाखवलं तरी चालतं. कोपऱ्यात गप्प पडलेल्या कुत्र्याकडे मात्र कदाचित दोनच तास असतात.

हा वेग ओळखायची एक साधी तपासणी घरात कुणालाही करता येते. कुत्रा शांत असताना वरचा ओठ बोटाने अलगद उचला. सुळ्याच्या वरची हिरडी ओलसर आणि गुलाबी दिसायला हवी. तिच्यावर बोट दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. रक्तदाब घसरू लागला की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी बाकीच्या जागांचं रक्त आखडतं घेतं, आणि ते सर्वांत आधी दिसतं हिरडीवर. पांढरीफटक हिरडी म्हणजे आत कुठेतरी रक्तस्राव, शॉक (म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं) किंवा रक्त फार कमी झालेलं. निळसर झाली तर प्राणवायू पोहोचत नाही. विटेसारखी लाल झाली तर उष्माघाताची किंवा रक्तात पसरलेल्या संसर्गाची शंका. पिवळी दिसली आणि लघवी कॉफीसारखी गडद असली, तर गोचिडांतून येणारा, तांबड्या पेशी फोडणारा बबेसियाचा ताप असू शकतो. आपल्याकडच्या कितीतरी गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहायचा. हे सगळं दिवसाच्या किंवा पांढऱ्या उजेडात पाहा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरी हिरडीही गुलाबीसर वाटते आणि समोरचा डॉक्टर फसतो. कुत्रा निरोगी असतानाच एकदा त्याची हिरडी बघून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

फोनला सर्वांत जास्त चकवतं ते विष. उंदीर मारायच्या औषधांत ब्रोमाडायोलोनच्या रंगीत वड्या असतात. त्या खाल्लेला कुत्रा दुसऱ्या दिवशीही शेपूट हलवत भाकरी खातो. ग्रुपवर विचारलं तर ‘काही झालं नाही ना, मग सोड’ असंच उत्तर येणार. पण रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार व्हायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं आणि हे विष नेमका त्याचाच पुरवठा तोडतं. नगरपालिकेचं पाणी बंद झालं तरी टाकीतलं संपेपर्यंत नळ चालू राहतो, तसे आधीचे घटक दोन-तीन दिवस पुरतात. मग नाकातून, विष्ठेतून किंवा छातीच्या आत रक्त वाहू लागतं. वडी खाल्ली त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलं तर ती पोटातून काढता येते आणि ‘के-वन’ जीवनसत्त्व सुरू करता येतं. रक्त वाहू लागल्यावर गेलं तर रक्त चढवायची वेळ येते. उंदरांसाठीच्याच झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीचं उलटं: पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि काही तासांत जीव जातो. गाडीत उलटी झाली तर तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून काचा उघड्या ठेवा. पुडीचं पाकीट टाकू नका, सोबत न्या.

इथे इंटरनेटवर फिरणारा एक सल्ला कळकळीने खोडून काढायला हवा. उलटी व्हावी म्हणून मीठ-पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम एकदम वाढून मेंदूला इजा होते आणि कुत्री त्यानेच दगावतात. तेल किंवा दूध घशात ओतलं तर ते फुप्फुसात उतरण्याची भीती. तापासाठी किंवा लंगडतोय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी देणं हेही विषच. पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. अथणीकडच्या द्राक्षबागांतली द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. थोडेच खाल्ले म्हणून निर्धास्त राहण्याजोगं प्रमाण ठरलेलं नाही, तेव्हा लक्षणांची वाट न पाहता लगेच विचारा.

ऊसपट्ट्यात साप हा वर्षभराचा विषय आहे. ऊसतोड सुरू झाली की फडातली जनावरं बाहेर पडतात आणि हुंगत पुढे जाणाऱ्या कुत्र्याच्या थोबाडावर किंवा पुढच्या पायावर दंश होतो. घोणस चावली तर तोंड बघता बघता सुजतं, जखमेतून रक्त झिरपत राहतं. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटं हलवल्याशिवाय ठेवतात. गोठलं नाही तर विषाने रक्त गोठवायची यंत्रणा मोडली आहे हे कळतं. एवढी साधी चाचणी, पण फोनवरून होत नाही. मण्यारीचा प्रकार वेगळा. दंश बारीक, सूज जवळजवळ नाही, केसांत खूण सापडतही नाही. रात्री अंगणात झोपलेला कुत्रा पहाटे मागचे पाय ओढत चालतो, आवाज बदलतो, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात. याला ‘लकवा मारला’ म्हणून तेल चोळत बसू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस माणसाला देतात, तीच कुत्र्यालाही देतात. कुत्रा लहान म्हणून ती कमी लागत नाही, कारण सापाने सोडलेलं विष कुत्र्याचं वजन बघून सोडलेलं नसतं. खानापूरच्या जंगलातल्या चापडा या विषारी सापाच्या दंशावर मात्र ही लस लागू पडत नाही. म्हणून सुरक्षित अंतरावरून सापाचा फोटो मिळाला तर जरूर काढा. सापाची ओळख पटवायला फोनसारखा सोबती नाही. साप मारायला किंवा शोधायला थांबू नका. पाय दोरीने आवळू नका, जखम कापू नका, कुत्र्याला चालवू नका.

पोट फुगणं हा दुसरा चोर. खोल छातीच्या कुत्र्यांत, म्हणजे जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमनमध्ये, जठर हवेने फुगून स्वतःभोवती पिळलं जातं. शेजारच्या बागलकोट जिल्ह्याचा अभिमान असलेल्या मुधोळ हाउंडची छातीही खोलच, त्यामुळे आपणही सावध असलेलं बरं. कुत्रा वारंवार उलटीचा उमाळा काढतो पण बाहेर येते ती फक्त लाळ. एका जागी बसवत नाही, बरगड्यांमागचं पोट ताणलेलं लागतं. पिळलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते मरू लागतं. इथे ओव्याचं पाणी किंवा गॅसची गोळी शोधण्यात गेलेली प्रत्येक घटका महाग. शस्त्रक्रिया हाच उपाय.

उष्माघातात उलट, आधी घरी काम, मग गाडी. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो. बाकी सारी भिस्त धापेवर. अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की आतड्यापासून मेंदूपर्यंत सगळं करपू लागतं. सावलीत नेऊन नळाचं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मग निघा. ओला टॉवेल अंगावर तसाच गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता अडवतो.

फिट आली तर कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा एकाच दिवसात दुसरी आली तर तातडीचं. व्यायला लागलेली कुत्री अर्धा तास जोराने कळा देऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, तर तेही तातडीचं. नर वारंवार पाय वर करतो पण थेंबही येत नाही, तेही.

आणि एक प्रसंग असा, ज्यात पुढे जाऊन मदत करणं हीच चूक. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरचे म्हणतात घशात हाड अडकलंय आणि हात घालून बघतात. हाड अडकलेलं असूही शकतं. पण हा रेबीजचा पक्षाघाती प्रकारही असू शकतो. तो चावत नाही, धावत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही, आणि लाळेतले विषाणू हातावरच्या ओरखड्यातून शिरतात. अशा वेळी हात न लावता लांबूनच व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवा. हात आधीच गेला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लसीसाठी जा. चोवीस तासांनी फोनवरून विचारण्याची ही गोष्ट नाही.

मग फोन कशासाठी? पुष्कळ गोष्टींसाठी. जेवण, लसीचं वेळापत्रक, कानाची दुर्गंधी, केस गळणं, टाक्यांची जखम नीट भरतेय का, रोजच्या औषधाचा डोस, वागण्यातला बदल. मोठ्या कुत्र्याला एकदोनदा उलटी झाली, पण पाणी पोटात ठरतंय, हिरडी गुलाबी आहे, हाक मारली की येतो, तरीही फोन चालेल. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र ही सवलत नाही. १९७८ मध्ये ओळख पटलेला पार्वो विषाणू आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जेतल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, आणि पिल्लाच्या इवल्याशा अंगातलं पाणी आणि साखर एका दिवसात संपते. उलटीबरोबर रक्ताची हगवण असली तर त्याच दिवशी सलाईन लागतं.

विचारताना ‘बरं नाही’ एवढंच लिहू नका. वय, वजन, शेवटचं खाणं आणि लघवी कधी झाली, हिरडीचा रंग, झोपेत मिनिटाला किती श्वास (तीसच्या वर जायला नकोत), आणि चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. एवढं दिलं तर चांगला डॉक्टर फोनवरच निम्मं निदान करतो. आणि तातडीचं आहे हे ठरल्यावरही फोन बाजूला टाकायचा नसतो. माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग गाडीतच होतो. निघाल्यावर दवाखान्याला फोन करून ‘सर्पदंश आहे, लस आहे का’ एवढं विचारलं तर चुकीच्या दारात अर्धा तास जात नाही.

यासाठी नंबर आधी हवेत. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, पण त्याच्या फिरत्या गाड्या मुख्यतः गुराढोरांसाठी असतात. आपल्या गावातून लावल्यावर तो कुठे लागतो आणि कुत्र्यासाठी कोण येतं, हे निवांत वेळी विचारून ठेवा. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथे शस्त्रक्रिया होते का, याचीही चौकशी आजच करा. नेताना जखमी कुत्र्याला जुन्या चादरीवर सरकवून दोघांनी चादरीची चारही टोकं धरून उचलायचं. वेदनेत आपला कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला सुती पट्टीचा सैल फास घालायचा. पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर पट्टी अजिबात बांधायची नाही.