टेस्टोस्टेरॉन, कोंबड्याचा तुरा आणि मुलींची ताकद

मी मुलींना वेट ट्रेनिंग शिकवते. नवीन मुलगी पहिल्यांदा रॉडला प्लेट लावायला लागली की तिला आजूबाजूने दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. एक, एवढं वजन नको उचलू, बॉडी पुरुषासारखी होईल. दुसरं, कितीही घाम गाळ, तुमच्यात टेस्टोस्टेरॉनच नसतं तर मसल येणार कुठून. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या बरोब्बर उलटी आहेत तरी कित्येकदा ती एकाच माणसाच्या तोंडून येतात. हे सगळं आलं कुठून म्हणून मागे मागे वाचत गेले तर थेट कोंबड्याच्या तुऱ्यापर्यंत पोचले.

1849 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टहोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने काही कोंबडे खच्ची केले. खच्ची केलेल्या कोंबड्याचा लालभडक तुरा सुकून फिका पडतो, तो नीट आरवत नाही, झुंजतही नाही. मग बेर्टहोल्डने काही कोंबड्यांच्या पोटात वृषण परत बसवलं, जुन्या जागी नाही, जुन्या नसाही जोडल्या नाहीत, तरी तुरा पुन्हा तरारला आणि आरवणं सुरू झालं, म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात उतरतंय आणि रक्तातूनच सगळीकडे पोचतंय. हार्मोन हा शब्दसुद्धा अजून जन्मायचा होता तेव्हाची ही गोष्ट.

पुढे 1889 मध्ये पॅरिसला ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नावाजलेल्या डॉक्टरांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणाचा अर्क स्वतःलाच टोचून घेतला आणि ताकद वाढली, हाताची पकड सुधारली असं जाहीर करून टाकलं. आज आपल्याला माहितीये की पाण्यात काढलेल्या अशा अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळपास उतरतच नाही, त्यामुळे त्यांना जे वाटलं तो मनाचा परिणाम असणार. पण पुरुषाचा रस म्हणजे ताकद हे समीकरण लोकांच्या डोक्यात तिथून जे बसलं ते बसलंच.

मग शुद्ध पदार्थ शोधायची शर्यत लागली. 1927 मध्ये शिकागो विद्यापीठात फ्रेड कोच आणि लेम्युएल मॅगी यांनी बैलाच्या सुमारे 18 किलो वृषणांमधून जेमतेम 20 मिलिग्रॅम पदार्थ काढला, आणि त्यात दम आहे की नाही हे कशावर तपासलं तर खच्ची कोंबड्याच्या तुऱ्यावर. तुरा वाढला म्हणजे माल खरा. 1931 मध्ये जर्मन केमिस्ट बुटेनान्टने 15,000 लिटर लघवीतून अँड्रोस्टेरॉन, म्हणजे त्याच जातीचं एक कमजोर हार्मोन, वेगळं केलं, आणि 1935 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला एर्न्स्ट लाकरच्या टीमने बैलाच्या वृषणातून खरा पदार्थ मिळवून त्याला टेस्टोस्टेरॉन नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि दुसरे एक केमिस्ट रुझिच्का यांनी तो प्रयोगशाळेत बनवूनही दाखवला. दोघांना 1939 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

इथे मला थांबावंसं वाटतं. नाव टेस्टिस वरून आलं आणि मोजपट्टी तुऱ्याची, म्हणजे नावही पुरुषाचं आणि मापही पुरुषाचं. पण त्याच काळात बायकांच्या लघवीत हे 'पुरुषी' हार्मोन सापडत होतं, आणि 1934 मध्ये झोंडेक या शास्त्रज्ञाने घोड्याच्या, म्हणजे नराच्या, लघवीत इस्ट्रोजेन हे 'बायकी' हार्मोन भरपूर असल्याचं दाखवलं होतं. पुरुषांचं एक हार्मोन आणि बायकांचं एक हार्मोन ही वाटणी तेव्हाच मोडायला हवी होती. मोडली नाही, आणि अजूनही आपण तेच लेबल वापरतो याचं मला खरंच वाईट वाटतं. तरुण बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन ओव्हरीत बनतं, किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत बनतं, आणि साधारण अर्धं तर चरबी, त्वचा वगैरे ठिकाणी दुसऱ्या हार्मोनचं रूपांतर होऊन तयार होतं. ते बायकांमध्ये 'नसतंच' हे साफ खोटं आहे.

पण कमी असतं हे खरं, आणि फरक थोडाथोडका नाही. अचूक मशीनवर मोजलं तर निरोगी बायकांमध्ये लिटरमागे साधारण 0.1 ते 1.8 नॅनोमोल, पुरुषांमध्ये साधारण 7.7 ते 29.4. मधला पट्टा रिकामाच. आणि पूर्वी जी रक्ताची टेस्ट व्हायची ती पुरुषांच्या भरपूर प्रमाणासाठी ठीक होती, बायकांच्या इवल्याशा आकड्यापाशी ती गडबडायची, शरीरातल्या दुसऱ्याच स्टिरॉइडला टेस्टोस्टेरॉन समजायची. मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू वजनावरून ओळखायची पद्धत, रुळल्यावर कुठे बायकांचे आकडे भरवशाचे झाले, त्यामुळे जुने अभ्यास वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

मसलशी संबंध जोडला गेला तोही 1935 मध्येच. अमेरिकेत चार्ल्स कोचाकियनने खच्ची केलेल्या कुत्र्यांना अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन, दिलं तर त्यांच्या लघवीतून नायट्रोजन कमी जायला लागला, म्हणजे प्रोटीन शरीरातच राहायला लागलं. अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडची, म्हणजे मसल वाढवणाऱ्या औषधांची, गोष्ट सुरू होते ती इथून. आणि बायकांवर त्याचा काय परिणाम होतो हे जगाला कळलं ते फार वाईट पद्धतीने.

पूर्व जर्मनीत 1974 पासून 'राज्य योजना 14.25' या नावाखाली खेळाडूंना पद्धतशीर डोपिंग सुरू झालं. त्यात कोवळ्या वयाच्या मुली होत्या. ओरल-ट्युरिनाबॉल या स्टिरॉइडच्या छोट्या निळ्या गोळ्या, आणि हातावर ठेवताना सांगायचं काय तर व्हिटॅमिन आहे. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या स्विमिंगमधली 13 पैकी 11 सुवर्णपदकं त्या देशाने नेली. मुलींचे आवाज जाड झाले, अंगावर केस आले, पाळी बिघडली. बर्लिनची भिंत पडल्यावर वर्नर फ्रांके आणि ब्रिगिट बेरेंडोंक यांनी गुप्त कागदपत्रं मिळवून 1991 मध्ये हे सगळं बाहेर काढलं, आणि 2000 साली बर्लिनच्या कोर्टात या कारभाराच्या वरच्या माणसांना शिक्षा झाली. त्या कागदांमध्ये तिथल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय की या गोळ्यांचा परिणाम मुलींमध्ये पुरुषांपेक्षा जास्त ठळक दिसतो. मूळचं प्रमाण एवढंसं असल्यावर बाहेरून घातलेलं थोडंही खूप होतं, म्हणून.

म्हणजे बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन काम करतं यात वाद नाही. अलीकडचा चांगला पुरावा स्टॉकहोमचा आहे, अँजेलिका हिर्शबर्ग यांच्या टीमचा. 18 ते 35 वयाच्या 48 फिट बायका, निम्म्यांना रोज 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं क्रीम, निम्म्यांना साधं क्रीम, 10 आठवडे. टेस्टोस्टेरॉनवाल्यांची सरासरी पातळी लिटरमागे 0.9 वरून 4.3 नॅनोमोलवर गेली, दमेपर्यंत पळायचा वेळ साधारण साडेआठ टक्के वाढला, लीन मास, म्हणजे चरबी सोडून बाकीचं वजन, 923 ग्रॅमने वाढलं तर दुसऱ्या गटात 135 ग्रॅमने. पण पायांची ताकद मोजली तर दोन गटांत ठोस फरक दिसला नाही! मसल वाढलं म्हणजे ताकद तेवढ्याच हिशोबात वाढलीच असं नाही, हे मी शिकवताना रोज बघते आणि इथे कागदावरही दिसतं.

मग जिला बाहेरून काहीच दिलेलं नाही, जिचं आपलं आपलं नैसर्गिक प्रमाण आहे, तिचं काय? 1974 मध्ये जॅक विल्मोरने पुरुष आणि बायका दोघांना 10 आठवडे वेट ट्रेनिंग दिलं, आणि सुरुवातीच्या ताकदीच्या टक्केवारीत बघितलं तर बायका मागे नव्हत्या. त्यानंतर असे बरेच अभ्यास झाले आणि चित्र साधारण तेच राहिलं, पुरुषाचा आकडा मोठा कारण त्याची सुरुवातच मोठ्या मसलपासून होते (पौगंडावस्थेतल्या टेस्टोस्टेरॉनची ती देणगी आहेच, नाकारायचं कारण नाही), पण वाढीचा दर जवळपास सारखा. 2012 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या स्टुअर्ट फिलिप्स यांच्या टीमने तर व्यायामानंतर लगेच रक्त तपासलं, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या 45 पट जास्त उसळलेलं, आणि मसलमध्ये नवीन प्रोटीन बनायचा वेग मात्र दोघांत सारखाच वाढलेला. उंदरांवरही एक प्रयोग आहे, अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पेशीतला जो भाग हे हार्मोन ओळखतो तोच, काढून टाकला तर नरांचं मसल घटतं, माद्यांना फारसा फरक पडत नाही.

आणि मारिया होसे मार्तीनेझ-पतीन्यो, स्पेनची हर्डलर. 1985 मध्ये कोबेच्या स्पर्धेत क्रोमोसोम टेस्टमध्ये पुरुषांसारखे XY निघाले म्हणून तिला बाद केलं, पुढे बदनामी झाली, पदकं काढून घेतली. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बनत होतं पण पेशींना ते जाणवतच नव्हतं, त्यामुळे त्याचा तिला काडीचा फायदा नव्हता. तीन वर्षं भांडून 1988 मध्ये तिने परवानगी परत मिळवली. नुसता आकडा बघून माणसाचा निकाल लावायचा नाही, शरीर त्या हार्मोनला ऐकतंय का तेही बघायचं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आता मुली रिपोर्ट घेऊन येतात, टेस्टोस्टेरॉन 25 आलंय, कमी आहे का, म्हणून ताकद वाढत नाहीये का. लॅबच्या रिपोर्टमध्ये एकक वेगळं असतं, नॅनोग्रॅम पर डेसिलिटर, त्यातलं 25 म्हणजे लिटरमागे 0.9 नॅनोमोलच्या आसपास, म्हणजे स्टॉकहोमच्या त्या फिट बायकांचं सुरुवातीला जेवढं होतं तेवढंच. मी आधी झोप विचारते, खाण्यात प्रोटीन किती ते विचारते, आणि तीन महिन्यांत रॉडवरचं वजन किती वाढवलं ते वहीत बघते. बहुतेक वेळा उत्तर वहीतच असतं. पाळी चुकत असेल किंवा चेहऱ्यावर केस येत असतील तर मात्र डॉक्टरांकडे पाठवते, कारण मग प्रश्न जास्त असण्याचा असू शकतो.

आणि हल्ली कुणीतरी हळूच 'अनावर' सुचवतं, मुलींसाठी सेफ आहे म्हणून. ते ऑक्सँड्रोलोन, 1960 च्या दशकात बाजारात आलेलं अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड, त्या निळ्या गोळ्यांच्याच घराण्यातलं. आवाज जाड व्हायला लागला आणि तरी गोळी चालू ठेवली तर पुढे बंद केल्यावरही तो बऱ्याचदा पूर्वीसारखा होत नाही, पूर्व जर्मनीच्या त्या मुलींपैकी कितीतरी जणी आज तशाच आवाजात बोलतात.